पाझरतंय की ठिबकतंय?

ॲबरडीन, स्कॉटलंड
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. बंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

ती. आई-बाबांना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग. परवा संक्रांत. इथे तीळ मिळाले, चिक्कीचा गूळ मिळाला नाही, तेव्हा माझ्या वाटणीचा तिळगूळ तूच खा. हे पत्र दोघांना वाचून दाखव. बाबांना यातलं बरंच आवडेल.

शुक्रवारी पहाटे रात्रपाळी संपवून तू व्हॉल्व्हच्या घटनेच्या इंग्रजी रिपोर्टचा फोटो पाठवलास. साहेबांनी तिसऱ्यांदा परत केलेला, लाल पेनाने भरलेला, आणि वर एवढंच, 'इंग्लिश सुधारा'. खाली तू लिहिलंस, 'ताई, आपलं मराठी मीडियम आता आयुष्यभर नडणार.' रबाळ्याहून ठाण्याच्या गाडीत बसून हे लिहिताना तुझा चेहरा कसा असेल ते मला इथून दिसत होतं. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखं हे नव्हतं. आज सुट्टी आहे, इथे चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मीही त्याच शाळेतली, त्याच नौपाड्यातली. आणि गेली आठ वर्षं माझं पोट याच कामावर चाललंय. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसांनी पंप कसा खोलायचा, कसा बसवायचा, त्याच्या सूचना मी इंग्रजीत लिहिते. तेव्हा ही नुसती बहिणीची माया समजू नकोस.

तुझा रिपोर्ट मी तीनदा वाचला. लाल खुणा बहुतेक 'द' राहिला, स्पेलिंग चुकलं अशाच आहेत. त्या महिन्या-दोन महिन्यांत सुटतील. पण एका वाक्याखाली साहेबांनी रेघ मारलेली नाही आणि खरी अडचण तिथे आहे. 'व्हॉल्व्ह वॉज रिमेन्ड ओपन अँड सेम वॉज इंटिमेटेड टू कन्सर्न्ड पर्सन.' कुठला व्हॉल्व्ह? किती वाजता दिसलं? कोणी कोणाला सांगितलं? आता हेच मराठीत करून बघ: 'व्हॉल्व्ह उघडा राहिला होता व तसे संबंधितांना कळविण्यात आले.' हे आपल्या सरकारी नोटिशीतलं मराठी आहे, बंड्या. लहानपणापासून फलकांवर वाचून ते आपल्या अंगात मुरलंय. मराठीतही या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. मग त्याचं इंग्रजी कितीही शुद्ध केलं तरी काय हाती लागणार?

इथे हेझलहेड पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथल्या गुलाबांच्या वाफ्यांमध्ये तीन कामगारांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि खाली १६७ नावं कोरलेली आहेत. ६ जुलै १९८८ च्या रात्री पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, त्यात गेलेली ही माणसं. त्या दिवशी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड बंद करणारी चकती, लावली होती. संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं नाही, आणि ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने हा पंप चालू करायला घेतला. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, त्यांनी पाहिलं होतं. व्हॉल्व्ह काढल्याचं परमिट वेगळं होतं आणि ते त्यांच्या नजरेस आलं नाही. चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड कलन यांचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या, आणि परमिट व पाळी बदलताना द्यायची माहिती यांवर अहवालाने फार भर दिला.

आता हे बघ, तिथे काम करणाऱ्या बहुतेकांची मातृभाषाच इंग्रजी होती. मीडियमचा प्रश्नच नव्हता. मी पहिल्यांदा त्या पुतळ्यांसमोर उभी राहिले तेव्हा मला रबाळ्या-महाप्याच्या पट्ट्यातले तुझ्यासारखे शिफ्ट इनचार्ज आठवले, आणि तेव्हापासून कुठलीही सूचना लिहिताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवते: रात्री दोन वाजता, दमलेला, हातात टॉर्च घेऊन माझं वाक्य वाचणारा.

तुझ्या रिपोर्टच्या शेवटी 'ऑपरेटर शुड क्लोज द ड्रेन व्हॉल्व्ह' असं आहे. तुझ्या मनात 'ऑपरेटरने ड्रेन व्हॉल्व्ह बंद करावा' हे होतं, हो ना? आपल्याकडे 'करावा' म्हणजे हुकूम. 'अर्ज सादर करावा' असं पत्रात आलं की 'केलाच पाहिजे का' असं कोणी विचारत नाही. पण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत 'शुड' ही शिफारस असते, केलंत तर चांगलं. बंधन असेल तिथे 'शॅल', परवानगी असेल तिथे 'मे', शक्यता असेल तिथे 'कॅन'. कामाच्या सूचनेत तर सरळ आज्ञार्थ, 'क्लोज द ड्रेन व्हॉल्व्ह'. पुढे-मागे काही घडलं आणि कोणी म्हणालं, 'शुड लिहिलं होतं, मी नाही केलं', तर तू काय बोलणार? तुमच्या कामाचं एखादं मानक भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवरून उतरवून घे आणि त्यातले 'शॅल' आणि 'शुड' दोन रंगांच्या पेनांनी रंगव. एका संध्याकाळीच नजर तयार होते.

'रिव्हर्ट'ने मला पहिल्या वर्षी चांगलाच चटका दिला. एका टेक्निशियनने ट्रायलसाठी पंपाचं सेटिंग बदललं होतं. मी त्याला मेल केला, 'प्लीज रिव्हर्ट ऑन द पंप सेटिंग बाय मंडे.' मला उत्तर हवं होतं. त्याने सोमवारी सकाळी सेटिंग होतं तसं करून ठेवलं, कारण इथे 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्ववत होणं. ट्रायल पहिल्यापासून करावी लागली. तो माणूस शांतपणे म्हणाला, तू लिहिलंस तेच मी केलं. 'डू द नीडफुल'चंही तसंच, जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातून ते आपल्याकडे राहिलं आणि इथून गेलं. आपापसात हे शब्द सगळ्यांना कळतात, म्हणून ऐरोलीच्या ऑफिसात ते वापरणं चूक आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तुझा रिपोर्ट पंप बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडे जाणार असेल तर 'प्लीज रिप्लाय' लिही आणि नक्की काय करायला हवं ते लिही.

आपला 'च' पण सांभाळ. 'मीच बंद केला' याचं तू 'आय क्लोज्ड इट ओन्ली' केलंस. इथला वाचक समजेल की तू फक्त बंद केला, बाकी काही पाहिलं नाहीस. 'आय क्लोज्ड इट मायसेल्फ' लिहिलंस की भागलं.

आता मला मनापासून सांगायचंय ते. तुझ्या एका पानात 'लीकेज' पाच वेळा आलंय. पाचही ठिकाणी एकच प्रकार होता का? आईला विचार. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. पावसाळ्यात मागची भिंत पाझरते. माठ झिरपतो. पाइप फुटला की चिळकांडी उडते. आपल्या भाषेत यांची कधी गल्लत होत नाही, आणि तूही फ्लँजसमोर उभा असताना मनात नेमका शब्दच म्हणाला असशील. इंग्रजीत लिहायला घेतलंस आणि सगळ्यांचं 'लीकेज' झालं. इंग्रजीतही वेगवेगळे शब्द आहेत. ठिबकणं म्हणजे 'ड्रिप', पाझरणं म्हणजे 'सीप'. फ्लँजवर नुसती ओल दिसते, थेंब पडत नाही, त्याला इथे 'वीप' म्हणतात. चिळकांडीला 'जेट', फवाऱ्याला 'स्प्रे'. व्हॉल्व्ह बंद असून आतून जातंय, त्याला तुमचे फिटर 'पास होतोय' म्हणतात ना, इथलेही 'पासिंग'च म्हणतात. ठिबकत असेल तर घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब ते मोज आणि तो आकडा लिही. म्हणजे सकाळच्या पाळीला कळेल की वाढतंय की तेवढंच आहे. आधी मराठीत ठरव काय पाहिलंस, मग इंग्रजी शब्द शोध. मराठी मीडियम इथे तुझ्या कामी येतंय, आणि हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

शब्द शोधायचे कुठे, असं तू विचारलंस. बाबांसाठी एक गंमत सांगते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि तो आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. इंग्रजांना मराठी कळावं म्हणून तो केलेला. आपण तो आपल्या कामाला लावायचा. 'पाझर' शोधून बघा दोघे मिळून. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, म्हणून सापडलेला शब्द शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीत तपासायचाच. ऑक्सफर्डची ती डिक्शनरी हॉर्नबी नावाच्या शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना तयार केली आणि ती पहिल्यांदा १९४२ मध्ये जपानमध्येच छापली गेली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच केलेली, त्यामुळे शब्द वापरायचा कसा हे ती सांगते. 'इक्विपमेंट'पुढे तो मोजता न येणारा शब्द असल्याची खूण आहे, म्हणजे 'इक्विपमेंट्स' होत नाही. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, पण 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई. तुझ्या रिपोर्टात 'डॅमेजेस' आहे, तो 'एस' आधी काढ.

दुसरं साधन मला फार जवळचं आहे. विमानांच्या दुरुस्तीची पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि ती वाचणाऱ्या पुष्कळ मेकॅनिकांची भाषा इंग्रजी नसते. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम प्रसिद्ध केले. आज ते मानक आहे, नाव एएसडी-एसटीई १००, आणि मागितलं की फुकट मिळतं. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. वर्णनाचं २५. एका शब्दाला होता होईल तो एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणं; नियम पाळायचे असतील तर 'ओबे'. 'टेस्ट' हे नुसतं नाम, त्याचं क्रियापद करायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. विमानासारख्या जोखमीच्या कामात जाणती माणसं मुद्दाम साधं लिहितात, मग मी अवघड शब्द कशाला जमवत होते?

परमिटबद्दल इथल्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याची पुस्तिका आहे, एचएसजी २५०. तीही फुकट उतरवून घेता येते. पाळी बदलताना काय सांगायचं ते त्यात वाच.

आणि जुन्या फायलीतून वाक्य उचलू नकोस. सगळेच उचलतात, म्हणून एकाची चूक पुढच्या दहा जणांकडे जाते. तुझं 'सेम वॉज इंटिमेटेड' असंच कुठूनतरी आलेलं असणार. फोनमधल्या एआयकडून व्याकरण तपासून घेतोस ते ठीक आहे, पण कंपनीची माहिती त्यात घालू नकोस. आणि कुठला व्हॉल्व्ह, हे त्याला ठाऊक नसतं. तू लिहिलं नाहीस तर ते तुझं धूसर वाक्य छान गुळगुळीत करून देईल आणि धूसरपणा तसाच राहील.

मी एक वही ठेवते. ज्या शब्दाने मला किंवा वाचणाऱ्याला अडवलं तो शब्द, तारीख आणि ते अख्खं वाक्य. आठ वर्षांत तीन वह्या भरल्या. तूही स्टेशनबाहेरून एक दोनशे पानी घे. पहिल्या पानावर 'रिमेन्ड' लिही.

त्या व्हॉल्व्हच्या घटनेचा रिपोर्ट नव्याने लिही. आधी मराठीत, आईला सांगतोस तसा. मग इंग्रजीत. व्हॉल्व्हचा टॅग नंबर आणि वेळ पहिल्या ओळीत. सांगितलंस त्या माणसाचा हुद्दा दुसऱ्या ओळीत. साहेबांना द्यायच्या आधी मला पाठव, पण टॅग नंबर, माणसं, कंपनी यांच्या जागा कोऱ्या ठेवून. मी रविवारी सकाळी बघते, तेव्हा तुझी दुपार असेल.

बाकी क्षेम. थंडी खूप आहे, पण आईने दिलेली शाल रोज वापरते.

तुझी,
ताई

ता. क. बाबा, ग्रंथसंग्रहालयाच्या नौपाडा शाखेतलं तुमचं कार्ड अजून चालू असेल तर याला एकदा बरोबर घेऊन जा. चांगलं मराठी गद्य वाचायला लावा. लांब वाक्यांचं नको.