गाडी आहे तशीच विका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आपली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एमजीबी, विकायचं ठरलं हे बरं झालं. पण बाबा, आधी पत्राकाम करून, नवा रंग मारून मग विकायचा तुमचा बेत सोडून द्या. गाडी आहे तशीच विका, आणि तिच्यात काय काय बिघडलंय ते घेणाऱ्याला तुम्हीच आधी सांगा. रंगाला गेलेले पैसे किमतीत परत येत नाहीत. वर ताजा रंग बघून जाणकार गिऱ्हाईक बिचकतं, कारण त्याला पत्रा बघायचा असतो आणि रंगाखाली काय झाकलंय हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. खालून नवं काळं अंडरकोटिंग मारणंही तसंच. गंजावर मारलेला रंग काही महिन्यांत फुगतो आणि मग तक्रारीचा फोन तुम्हालाच येणार.

या गाडीचा खरा हिशेब सिलवर ठरतो. एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यातून आपली रोडस्टर, म्हणजे छपराचाही आधार नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवतात ते दारांखालचे पेटीसारखे सिल: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल विंगच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मागच्या टोकाशी आत साठतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं.

तपासायची रीत सोपी आहे. दार बंद करून मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट बघून ठेवा. मग गॅरेजवाल्याला त्या बाजूनं गाडी जॅकवर घ्यायला सांगा. फट वरच्या टोकाला आवळली किंवा दार उघडताना अडकायला लागलं, तर सिलमध्ये जोर उरलेला नाही. जॅक लावतानाच पत्रा कुरकुरला तर तिथंच थांबायचं. आणि बाबा, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तुम्ही जायचं नाही, आणि गॅरेजवाल्यालाही स्टँड लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. यावर मी काही ऐकून घेणार नाही.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिल, चाकांच्या कमानी आणि विंगची खालची टोकं यांवरून फिरवा. जिथं पकड सुटते तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सिलवर चकचकीत स्टीलची पट्टी चढवलेली असेल तर ती काढून बघा, ती बहुतेक वेळा काहीतरी झाकायलाच बसवतात. दाराच्या तिकोनी काचेखाली पत्र्याला केसाएवढी चीर असेल. ती या मॉडेलची जुनी खोड आहे, वेल्डिंग केलं तरी बऱ्याचदा पुन्हा येते. सीटच्या मागच्या फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे पेटारे आहेत. ॲसिड सांडून त्यांचे तळ सडतात आणि तिथं कोणी डोकावत नाही. मागच्या स्प्रिंगा जिथं बॉडीला अडकतात ती जागाही बघून घ्या.

सिल गेलेत म्हणून गाडी भंगारात जात नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेजनं १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉड्या काढल्या, आणि पत्र्याचे सुटे भाग तर सगळे मिळतात. पण त्यामुळेच घेणाऱ्याचा हिशेब पक्का असतो: धडधाकट गाडीची किंमत, वजा दुरुस्ती, वजा आत न दिसणाऱ्या गोष्टींची धास्ती. पहिले दोन आकडे तुमच्या हातात नाहीत. धास्ती मात्र तुम्ही कमी करू शकता, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता इंजिन. गाडी बरेच दिवस उभी आहे, तेव्हा एकदम किल्ली फिरवून सेल्फ मारत बसू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि आतले फ्लोट (तरंगे) अडकतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन हातानं फिरतंय का बघा. फिरलं की तेल आणि फिल्टर बदलून मगच सेल्फ. इग्निशन चालू केल्यावर मागून पेट्रोल पंपाची टिकटिक यायला हवी आणि कार्ब्युरेटर भरले की थांबायला हवी. टिकटिक थांबतच नसेल तर कुठंतरी गळती आहे किंवा पंप हवा ओढतोय. आवाजच नसेल तर बहुतेक पंपातले विजेचे पॉइंट चिकटलेत. आपल्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटानं उचलून सोडला की ‘टक्’ असा आवाज करून खाली बसला पाहिजे.

इंजिन नीट चालू झालं की गरम करून कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. गेजागणिक आकडा थोडा बदलतो, त्यामुळे चारांमधला फरक जास्त महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. एखादा खूप कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. चारही आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवा, हा कागद नव्या रंगापेक्षा जास्त किंमत आणतो. ऑइलचं प्रेशर गरम इंजिनाला चालताना ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ पीएसआय असायला हवं. डॅशबोर्डवरच्या गेजचा चालू इंजिनासह व्हिडिओ घ्या.

खालच्या कामांत एकच नीट बघा, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा. पुढचं चाक उचलून वरखाली धरून हलवायचं. खेळ लागला तर दुसऱ्यानं ब्रेक दाबायचा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर, लागत नसेल तर घाबरून ‘गिअरबॉक्स खराब’ असं लिहू नका. पुष्कळदा दोष स्विचचा किंवा वायरीचा निघतो. ‘ओव्हरड्राइव्ह लागत नाही, कारण तपासलेलं नाही’ एवढंच लिहा.

खर्च करायचाच तर गाडी सुरू होईल, सरकेल आणि थांबेल एवढ्यापुरता. बॅटऱ्या, अडकलेले ब्रेक सिलिंडर, टायरमध्ये हवा. न सुरू होणारी गाडी आणि धूर काढत का होईना सुरू होणारी गाडी यांच्या भावात मोठं अंतर असतं. धुऊन पूर्ण वाळवून मगच फोटो काढा, ओल्या पत्र्यावर दोष दिसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. गंजाचे फोटो जवळून, शेजारी नाणं ठेवून. आणि गिऱ्हाईक येणार असेल त्या दिवशी इंजिन आधी गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो.

आई, कागदांचं तू बघ. बॉनेटखालच्या प्लेटवरचा ‘जीएचएन५’नं सुरू होणारा चॅसी नंबर आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या प्लेटवरचा इंजिन नंबर गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी जुळवून घे. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, ते त्यावर येतं. मूळ इंजिन असेल तर ते मागवाच. मीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, म्हणून जाहिरातीत ‘मीटरवर दिसतात तेवढे मैल’ असंच लिहायचं. जुनी बिलं तारखेनं लावून ठेव.

भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, तशाच अवस्थेतल्या गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते बघा. खालचा आकडा तुम्ही दोघांनी आधीच ठरवा. बाबा, गिऱ्हाईक जुन्या गाड्यांच्या गप्पा मारायला लागलं की तुम्ही विरघळता, म्हणून किमतीचं बोलणं आईनं करावं.

चालवून बघायचं असेल तर लायसन्स आणि विमा तपासून, आणि तुम्ही शेजारी बसून. पावतीवर चॅसी नंबर, मीटरचा आकडा, तारीख, वेळ आणि ‘आहे त्या स्थितीत, सांगितलेल्या दोषांसह विकली’ असं लिहून खाली दोषांची यादी, दोघांच्या सह्या. पैसे खात्यात जमा झालेले तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. बँकेचा मेसेज दाखवला तरी नाही.

माळ्यावरची खोकी मात्र टाकू नका. जुनी ग्रिल, मूळ स्टिअरिंग, हूडचा (कापडी छपराचा) सांगाडा, क्रोमच्या पट्ट्या, जॅक, हत्यारांची पिशवी, सगळं गाडीबरोबरच द्या. गाडी उभी करणाऱ्याचं काम अशा बारीकसारीक वस्तूंपाशीच अडतं. खोकी उतरवायला मात्र शेजारच्या मुलाला बोलवा.

तुमची लेक