माळवदाच्या जागी पत्रा

ॲडलेड

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

पत्र्याचं छत बसवणाऱ्या फॅब्रिकेटरच्या कोटेशनचा फोटो मिळाला. माळवद उतरवायचं ठरवलंत ते योग्यच आहे. तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीने खाल्ल्यावर वरून दरवर्षी पांढऱ्या मातीचा थर चढवत राहणं म्हणजे मोडक्या खांद्यावर ओझं वाढवणं. पण या कोटेशनमध्ये पत्र्याचा रंग ‘डार्क ब्लू’ असा ठळक लिहिलाय आणि जाडीचा कुठे पत्ताच नाही. त्यामुळे ॲडव्हान्स देण्याआधी हे पत्र त्याला वाचून दाखवा.

सगळ्यात आधी भिंती. फूटभर मातीच्या माळवदाचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातं. पत्रा भरतो जेमतेम साडेचार किलो. इतकी वर्षं त्या वजनाने दगडी भिंत दाबून बसली होती, आता ते निघणार. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या वाऱ्यात छत खाली पडण्याची भीती नसते, ते वर उचललं जाण्याची असते. म्हणून चारही भिंतींच्या डोक्यावर सलग सहा इंच काँक्रीटची पट्टी घ्या, आत १० मिमीच्या चार सळया आणि रिंगा. त्या पट्टीतच १२ मिमीचे बोल्ट ओतताना बसवायचे, नंतर ड्रिल मारून नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माती-दगडाच्या भिंती कशा फाकल्या ते तुम्ही बघितलंच आहे. ही पट्टी त्यालाही उपयोगी. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची पद्धत मात्र बंद करा. वारा त्याला जुमानत नाही, आणि दगडाखाली ओल धरून तिथेच आधी गंज लागतो.

आता पत्रा. दुकानदार ‘०.५०’ मिमी म्हणतो ती रंग आणि मुलामा धरून जाडी असते. त्याला विचारायचं, ‘बेस मेटल (आतला नुसता पोलादी पत्रा) किती?’ आपल्याला ०.४५ हवं, मुलामा झिंक-ॲल्युमिनियमचा, ‘एझेड १५०’, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम. पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनी हे छापते, ते वाचून घ्या. तरी शंका असेल तर एक पत्रा काट्यावर घाला. १९ फुटी पत्रा २६ किलोच्या आसपास भरला पाहिजे. २०–२१ भरला तर समजा ०.३५ चा माल आलाय, गाडी परत पाठवा.

मोजमाप असं बसतं. खोली आतून २० बाय १५ फूट, भिंती नऊ इंची. उतार दर सहा फुटांना एक फूट, म्हणजे मागची भिंत पुढच्यापेक्षा पावणेतीन फूट उंच. पुढे-मागे एकेक फूट वळचण धरून पत्र्याची लांबी १९ फूट. एक अखंड पत्राच आणायचा, दोन तुकड्यांचा जोड नको. एका पत्र्याने १ मीटर रुंदी झाकते, म्हणून सात पत्रे. खाली ५० बाय ५० चे २ मिमी जाडीचे चौकोनी पाईप, सहा ओळी, साधारण ३ फूट ४ इंचांवर. कोटेशनमध्ये चारच ओळी धरल्यात. तेवढ्यावर पत्रा दुरुस्तीला चढलेल्या माणसाच्या पायाखाली दबतो, लाटेला खड्डा पडतो आणि पाणी तिथेच साचतं. पाईपांखालच्या दोन मुख्य रेफ्टरचं (तिरप्या तुळयांचं) माप मात्र फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा स्क्रूत असतं. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. कडेच्या दोन पाईपांवर प्रत्येक उंचवट्याला, मधल्या पाईपांवर एक सोडून एक. शेजारच्या पत्र्यांच्या जोडावर दर दीड फुटाला एक छोटा स्क्रू. सगळे मिळून सव्वादोनशेच्या वर जातात, २५० आणा. वॉशर काळ्या ईपीडीएम रबराचा. स्क्रू मशीनने गच्च आवळला की रबर वरच्या धातूच्या टोपीबाहेर फुगून येतं आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं. सैल राहिला तर पहिल्याच पावसात गळतो. रबर टोपीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं पाहिजे, पुढे नाही. पत्रा कापायला चकतीचा कटर वापरू देऊ नका. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात आणि महिनाभरात तांबडे ठिपके उठतात. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा, आणि ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी केरसुणीने झाडून टाका.

आता उन्हाचं. सोलापूरचं ४२–४३ अंशांचं ऊन निळ्या पत्र्यावर पडलं तर खाली दुपारी कुणी टेकू शकणार नाही. बिनरंगाचा चकचकीत पत्राही फसवा: ऊन परतवतो, पण एकदा तापला की उष्णता लवकर सोडत नाही. पांढरा किंवा ऑफ-व्हाइट घ्या. धुळीने मळेल, वर्षातून दोनदा धुवा. त्याखाली ५० मिमीचं ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी), खालच्या बाजूला फॉइल लावलेलं. आधी पाईपांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणायची, तीवर ग्लासवूल, मग पत्रा. चमकती बाजू खाली आणि तिच्याखाली किमान इंचभर मोकळी हवा, नाहीतर फॉइलचा उपयोग शून्य. बाजारात मिळणारी बबल शीट (हवेच्या फुग्यांची फॉइल लावलेली शीट) पत्रा आणि पाईप यांच्यामध्ये दाबून बसवतात आणि मग गरमच होतं म्हणून तक्रार करतात, त्याचं कारण हेच. फॉइलचे जोड टेपने बंद करा, म्हणजे थंडीत पहाटे पत्र्याखाली सुटणारं पाणी अंथरुणावर ठिबकणार नाही. ग्लासवूलमुळे स्क्रू ५५ ऐवजी ७५ मिमीचे लागतील.

पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) चांगलं, पण त्यातला फोम पेटतो आणि धूर फार करतो. त्या खोलीत चादरींचे गठ्ठे राहणार असतील तर नकोच. तिथे पॅनेल घ्यायचंच झालं तर रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या तंतूंचं.

काका सिमेंटचा पत्रा सुचवतात. तो कमी तापतो, पावसाचा आवाजही कमी, हे खरं. पण त्यात ॲस्बेस्टॉस असतं. इथे ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ते पूर्ण बंद आहे. त्याशिवायचे सिमेंट पत्रे आता मिळतात, पण ते माणसाच्या वजनाखाली तडकतात. न्हाणीवरचा जुना सिमेंटचा पत्रा धड आहे तोवर त्याला हात लावू नका. काढावा लागलाच तर पाणी मारून, नट सोडवून अख्खा उतरवायचा. करवत नाही, हातोडा नाही, आणि त्याचे तुकडे भरावात तर अजिबात नाही.

पुढच्या वळचणीला पन्हळ लावाच, पण साध्या जीआयचं (नुसत्या जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचं) नको, पत्र्याच्याच मालाचं घ्या. अशा पत्र्यावरून येणारं पाणी जीआयला लवकर खातं. एसीच्या तांब्याच्या पाइपवरून ठिबकणारं पाणीही पत्र्यावर पडू देऊ नका. छताची आडवी मापं २२.५ बाय १८.५ फूट, म्हणजे जवळजवळ ३९ चौरस मीटर. १ मिमी पावसाला ३९ लिटर. वर्षाला ५०० मिमी पाऊस धरला तरी साडेएकोणीस हजार लिटर होतात. पहिल्या एक-दोन सरींचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला पाईपाला खाली टोपी ठेवा, उरलेलं हौदात.

नवं कोटेशन आलं की त्यात बेस मेटल, एझेड १५०, पाईपांच्या सहा ओळी, ७५ चे स्क्रू, ग्लासवूल आणि काँक्रीटची पट्टी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या दरांनी लिहिलेलं असू द्या आणि मला फोटो पाठवा. काम पावसाच्या तोंडावर सुरू करू नका. माळवद उतरवताना माती एका कोपऱ्यात ढीग न घालता लगेच बाहेर काढायला सांगा, कुजक्या तुळयांवर दोन माणसांपेक्षा जास्त चढू देऊ नका, आणि आईला त्या दिवसांत मावशीकडे पाठवा.

आईस सा. नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
बाळू