रंगाचं नाव नसलेल्या त्या कागदासाठी थँक्यू, दादा

दादा नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणायला गेलो तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून फोन ठेवून दिलात, म्हणून हे लिहितोय, आता काय ठेवाल.

आपली ना ओळख ना पाळख. मित्राच्या मावसभावाने तुमचा नंबर दिला आणि मी रात्री साडेनऊला फोन करून रडगाणं सुरू केलं, की नवीन अँड्रॉइड स्टिरिओ बसवला तेव्हापासून गाडीसोबत आलेला रिव्हर्स कॅमेरा बंद. महिनाभर बायको मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, अहो बस्स!" करत होती. ज्याने स्टिरिओ बसवला त्याने व्हिडिओची पिवळी पिन खुपसली, स्क्रीनवर 'नो सिग्नल' आलं आणि साहेब मोकळे, म्हणे कंपनीचा कॅमेरा बाहेरच्या स्टिरिओवर चालतच नाही, नवीन टाका. दुसरा त्याच्याहून हुशार, तो रिव्हर्स लाइटचे १२ व्होल्ट थेट कॅमेऱ्याला द्यायला निघाला होता, मध्येच त्याला कुणाचा तरी फोन आला म्हणून राहिलं. नशीब माझं! कारण तुम्ही पहिल्या दोन मिनिटांत सांगितलंत की बऱ्याच जपानी गाड्यांत हा कॅमेरा ६ व्होल्टवर चालतो आणि ते ६ व्होल्ट त्याला जुना स्टिरिओच देत असतो, तो काढला की कॅमेरा उपाशी. मेलेला नाही, उपाशी. १२ दिले असते तर मात्र खरंच गेला असता. दोघांच्याही खिशात व्होल्ट मोजायचा मीटर होता हो, लावून बघायला काय जात होतं?

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. तुम्ही वायरिंगचा डायग्राम पाठवलात आणि मला लाजत सांगावं लागलं की दादा, मला रंग नीट कळत नाहीत, हिरवी आणि तपकिरी वायर शेजारी आली की माझ्यासाठी त्या जुळ्या बहिणी. हे कळलं की लोक हमखास हातातली वस्तू पुढे करतात, "मग हा कुठला रंग दिसतो?" मी उत्तर तयारच ठेवलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "बरं, दहा मिनिटं द्या."

आणि वहीच्या रेघी पानाचा फोटो आला. पेन्सिलने काढलेला कनेक्टर, वर लिहिलेलं 'लॉक वर, वायरी तुमच्याकडे', खाली दोन ओळींत छोटे चौकोन आणि प्रत्येकात नंबर. 'खालची ओळ, डावीकडून ३, कॅमेऱ्याची पॉवर.' अख्ख्या पानावर एकाही रंगाचं नाव नाही. एका ठिकाणी सवयीने 'लाल' लिहिलं गेलं होतं, ते खोडून शेजारी 'वरची ओळ, डावीकडून २' केलेलं. त्या खोडलेल्या 'लाल'वर मी किती वेळ बघत बसलो काय सांगू. मीटर लावून खात्री करा हेही होतंच, दोनदा अधोरेखित. काम येणारी माणसं भरपूर भेटतात, पण समोरच्याला काय दिसत नाही ते गुपचूप ओळखून त्याप्रमाणे कागद बदलणारा मला तरी पहिल्यांदाच भेटला, आणि तोही एका पैशाचा संबंध नसताना.

बाकी व्होल्टेज कमी करणारी ती छोटी डबी आणली, जोडली, रिव्हर्स टाकला तर चित्र आलं पण कृष्णधवल आणि वर-खाली पळणारं. परत फोन. तुम्ही हसलात, म्हणालात स्टिरिओच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा प्रकार 'पाल' (PAL) असेल, कॅमेऱ्याचा 'एनटीएससी' (NTSC) आहे, तो करा. केलं, चित्र जागेवर थांबलं.

"आता रंग आले का?" तुम्ही विचारलंत, आणि एकदम गप्प झालात. मग हळूच, "म्हणजे... वहिनींना विचारा ना."

विचारलं, दादा. आलेत म्हणाली.