कॉलेज बदलाचं घोडं कुठे अडलंय

नाशिक

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या मनाचं जोडून त्यांना सांगते, म्हणून लिहूनच कळवते.

नाशिकच्या कॉलेजात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला अॅडमिशन झालीय, पण तात्पुरती. मुंबईचं कॉलेज म्हणतं, नव्या कॉलेजचं पत्र आणा, मग दाखला देऊ. इथले म्हणतात, आधी दाखला नि मायग्रेशन, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र, आणा, मग प्रवेश पक्का. त्यात नाशिकची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली, म्हणजे विद्यापीठच बदललं, म्हणून एलिजिबिलिटीचा, म्हणजे पात्रतेचा, फॉर्म आणखी वेगळा. शेवटी इथल्या ऑफिसातल्या मॅडमनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, त्या घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली, तर 'नो ड्यूज'वर, म्हणजे काही देणं बाकी नाही या कागदावर, सही करणारे लायब्रेरियन रजेवर!

कागदांचं होईल हो. खरा वैताग विषयांचा आहे. इथल्या सरांनी दोन्हीकडचे सिलॅबस शेजारी ठेवले आणि पेन्सिलने एकेक विषय ताडून पाहिला. अकाउंटिंगला टिक, स्टॅटिस्टिक्सला टिक. बिझनेस लॉपाशी पेन्सिल थांबली. तो इथे पहिल्या वर्षाला झालाय, आमच्या मुंबईच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सांभाळून तो पेपर मला जादा द्यावा लागणार. बीबीए इथेही बीबीएच, पण मी मात्र अर्धी ज्युनिअर.

बाबा, तुम्ही विचारलंत, पास झालेल्या विषयांची क्रेडिट डिजिलॉकरमध्ये दिसतात तर मग अडतं कुठे? एबीसी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेसारख्या ऑनलाइन खात्यात, क्रेडिट जमा राहतात, हे खरं. पण तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, हे माणसंच ठरवतात. आणि घरी बसून शिकायच्या, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठाचं म्हणाल, तर ते वाईट नाही, पण मला रोज वर्गात बसून शिकायचंय. २०२४ मध्ये बीबीएला पहिल्यांदाच सीईटी लागली, तेव्हा ती देऊन आत शिरलेय मी. आता अर्ध्यात नाही सोडणार.

एक विनंती. त्या ओळखीच्या साहेबांना फोन लावू नका. इथे मुद्दाम कोणी अडवत नाहीये, प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद आधी हवाय, एवढंच. साहेबांनी शब्द टाकला तरी लॉचा पेपर काय ते लिहिणार आहेत? उलट मॅडम आता आपुलकीने बोलतात, त्या बिचकतील.

आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मी मुंबई सोडली असं सगळ्यांना सांगत सुटू नकोस. हॉस्टेलचा खर्चही झेपत नव्हता, आणि नाशिकहून येवला जवळ पडतं ते माझ्याही सोयीचं आहे. ड्रॉप्स मात्र वेळेवर घाल.

कपाटातल्या निळ्या फायलीत बारावीची मूळ गुणपत्रिका आहे. रविवारी येईन तेव्हा नेईन. आणि बाबा, कृपा करून ती लॅमिनेट करू नका. दहावीची तुम्ही केलीत, तिच्यावर आता शिक्काच बसत नाही.

तुमची,
वैशू