एचआयव्हीच्या बातमीत या बायका कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने मराठी वर्तमानपत्रांत येणारे लेख मी दरवर्षी आवर्जून वाचते. रोज एक गोळी घेतली की माणूस पूर्ण आयुष्य जगतो, रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हे सगळं खरं आहे आणि पुन्हा पुन्हा छापलं जायला हवं. पण ज्यांच्यावर या आजाराचा सर्वांत जास्त भार आहे, त्यांतल्या एका वर्गाचा, स्थलांतरित ट्रान्स स्त्रियांचा (जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या, पण स्त्री असलेल्या बायकांचा), या लेखांत उल्लेखही नसतो. म्हणून हे पत्र.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहते आणि औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काम करते. इथल्या ७४व्या रस्त्यावर आपल्या साड्यांची आणि मिठाईची दुकानं आहेत, त्यामुळे न्यूयॉर्कला आलेल्या मराठी माणसाची इथे एक फेरी होतेच. त्याच रस्त्याच्या टोकाला रूझवेल्ट अव्हेन्यू लागतो. डोक्यावरून सात नंबरची ट्रेन जाते आणि खाली सगळा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. मेक्सिको, होंडुरास, कोलंबिया, इक्वेडोरमधून जीव वाचवून आलेल्या कितीतरी ट्रान्स स्त्रिया या भागात राहतात. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने २०१९-२० मध्ये न्यूयॉर्कसह सात मोठ्या शहरांत ट्रान्स स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी ४२ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, स्त्रियांत हे प्रमाण ३५ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ६२. शंभरातल्या पस्तीस! एवढ्या आकड्यावर कोणत्याही देशात हलकल्लोळ व्हायला हवा होता.

औषध महाग आहे म्हणून असं होतं, असा आपला समज असतो. न्यूयॉर्कमध्ये तसं नाही. १९९०च्या रायन व्हाइट कायद्याच्या पैशांतून आणि राज्याच्या योजनेतून देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या माणसालाही एचआयव्हीची औषधं मिळतात. अडचण पुढे आहे, आणि ती मला काउंटरवरून रोज दिसते. विमा कार्डावर जुनं, पुरुषी नाव असतं. रांग संपेपर्यंत बाई दाराशी रेंगाळते, कारण ते नाव कोणी मोठ्याने पुकारलं तर दुकानातल्या सगळ्या माना वळणार. म्हणून मी नाव पुकारत नाही, जन्मतारीख विचारते. एका खोलीत चार-पाच जणी राहतात, तिथे बाटलीवरचं लेबल कोणीही वाचतं. ते काढून द्या, असं काहीजणी सांगतात. पर्समध्ये गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून बाटलीत कापूस भरून मागतात. अशा मागण्या मी हसण्यावारी नेत नाही. त्या मान्य केल्या तरच ती पुढच्या महिन्यात परत येते.

यांतल्या अनेकजणी शरीर स्त्रीसारखं व्हावं म्हणून हार्मोन घेतात. त्यामुळे आणखी एक प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात: या गोळीने माझे हार्मोन बाद होतील का? उत्तर मिळालं नाही, तर ती हार्मोन सोडत नाही, एचआयव्हीची गोळी सोडते. हार्मोनमुळे आरशात स्वतःची ओळख पटते, पोलिसांच्या नजरेतून थोडं सुटता येतं. विषाणू तर आज काही दुखवत नाही. एफाविरेन्झसारखं एचआयव्हीचं जुनं औषध इस्ट्राडायोल या स्त्री-हार्मोनची पातळी खाली आणू शकतं, तेव्हा ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण डोल्युटेग्राविर किंवा बिक्टेग्राविर असलेल्या आजच्या गोळ्यांचं हार्मोनशी वाकडं नाही. हे एक वाक्य तिच्या भाषेत, नजरेला नजर देऊन सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून उपचार सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मला त्याचा फार राग येतो.

बाकीचं काम कायद्याने केलं. १९७६ पासून न्यूयॉर्क राज्यात वेश्याव्यवसायाच्या हेतूने रस्त्यात रेंगाळल्याबद्दल अटक करता येत असे. ट्रान्स स्त्रीला रूझवेल्ट अव्हेन्यूवर नुसतं चालत असतानाही त्याखाली उचलत, आणि पर्समध्ये कंडोम सापडले तर तोच पुरावा. आरोग्य खातं कंडोम फुकट वाटणार आणि पोलीस तोच जवळ सापडला म्हणून धरणार, तर बाईने काय करायचं? ती कंडोम जवळ ठेवायचं सोडते. तो कायदा रद्द व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं.

या परिस्थितीत लॉरेना बोर्हास या ट्रान्स कार्यकर्तीने काय केलं ते मराठी वाचकांना कळायला हवं. त्या १९८१ साली मेक्सिकोतून आल्या आणि पुढे याच वस्तीत आयुष्य घालवलं. स्वतःच्या घरात दर आठवड्याला एचआयव्हीची तपासणी सुरू केली. डॉक्टरांचे दरवाजे बंद असल्याने ज्या बायका स्वतःच हार्मोन टोचून घेत, त्यांच्यापर्यंत स्वच्छ सुया पोचवल्या. अटक झालेल्यांच्या जामिनासाठी निधी उभा केला. ३० मार्च २०२० रोजी, शहरातल्या कोविडच्या पहिल्या लाटेत त्या गेल्या. सरकारी यंत्रणेने करायचं काम एका बाईने घरातून केलं, याचं कौतुक करताना यंत्रणेला मोकळं सोडता कामा नये.

कारण यंत्रणेच्या ताब्यात माणसं मेली आहेत. मेक्सिकोची ट्रान्स स्त्री व्हिक्टोरिया अरेयानो, वय २३, जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरितांच्या कोठडीत असताना गेली. तिला एड्स होता आणि संसर्ग रोखणारं तिचं औषध तिथे बंद झालं होतं. ताप उतरावा म्हणून बरोबरचे कैदी आपले टॉवेल भिजवून तिच्या अंगावर ठेवत होते. होंडुरासची ट्रान्स स्त्री रॉक्साना हर्नांडेझ ९ मे २०१८ रोजी आश्रय मागायला सीमेवर आली आणि २५ मे रोजी न्यू मेक्सिकोतल्या रुग्णालयात, इमिग्रेशन खात्याच्या ताब्यातच वारली. वय ३३. शवविच्छेदनात कारण निघालं एड्समधून उद्भवलेला आजार. ज्या देशात या आजाराचं उत्तम औषध मिळतं, त्या देशात हे झालं. आता दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही निघालं आहे. घरात बाटली नको, लेबल नको, या बायकांना ते किती सोयीचं! पण त्यासाठी ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जावं लागतं, आणि वाटेत आपल्याला पकडतील या धास्तीने जी घराबाहेर पडत नाही, तिला ते इंजेक्शन देणार कसं?

हे दूरदेशीचं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींना एचआयव्हीचे उपचार आणि हार्मोनविषयी सल्ला एकाच ठिकाणी देणारी ‘मित्र’ क्लिनिक कल्याण आणि पुण्यात होती. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ती बंद पडली. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत औषध मोफत मिळतं, हे मला माहीत आहे. पण तिथल्या रांगेत नाव कसं पुकारतात आणि हार्मोनबद्दल विचारलं तर उत्तर कोण देतं?

माझी आपल्याला विनंती आहे, की कल्याण आणि पुण्याच्या त्या केंद्रांत येणाऱ्या व्यक्ती आता कुठे जातात, त्यांपैकी कितीजणींची औषधं सुटली, हे आपल्या वार्ताहरांनी शोधून काढावं. त्यांच्याशी बोलून लिहावं, त्या स्वतःसाठी वापरतात तीच नावं वापरावीत, आणि ती बातमी १ डिसेंबरची वाट न पाहता छापावी.

आपली,
एक वाचक
जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क