मानेवरचा काळा पट्टा

सोलापूर, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू म्हणालीस, "भात-पोळी बंद केलीय, रात्री नुसतं सॅलड." मी गप्प राहिले, कारण बाबा शेजारीच पेपर वाचत होते आणि 'पाळी' हा शब्द निघाला की त्यांना अजून अंगणातली झाडं आठवतात. म्हणून तुझ्या पीसीओएसबद्दल, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबवणाऱ्या त्या अंडाशयांच्या दुखण्याबद्दल, लिहितेय.

आधी माझी चूक. दहावीत तुझ्या मानेवर काळा पट्टा दिसायला लागला, तेव्हा मी तुला दर रविवारी बेसन-लिंबाने घासायला लावलं. नीट आंघोळ करत नाहीस म्हणून बोललेही. तो मळ नव्हताच गं. परवा डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा कळलं: रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ते इन्सुलिन रक्तात वाढत जातं आणि मानेची, काखेची कातडी अशी जाड, काळी पडते. तेच वाढलेलं इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस आणि लांबणारी पाळी, दोन्हींच्या मुळाशी बरंचसं तेच.

पण म्हणून भात-पोळीशी वैर धरायचं? पीसीओएसबद्दलच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. जो वर्षानुवर्षं निभेल तो खरा. तुझं सॅलड गुरुवारपर्यंत निभतं, शुक्रवारी पाव आणि केक. मी तुला ओळखते.

ज्वारी खा. 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. तरी भाकरी म्हणजे काही मंतरलेला अंगारा नव्हे. तीन भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्लीस तर साखर चढणारच. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, शेंगाचटणी, आणि काकडी-कांदा भरपूर. काकडी-उसळ आधी खा, भाकरी मागून. नुसता क्रम बदलला तरी साखर सावकाश चढते. भात हवाच असेल तर मूठभर, वर घट्ट वरण.

साबुदाण्याचे उपास मात्र सोड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा. देवाला मी सांगते. आणि त्या 'मल्टीग्रेन' बिस्किटांचं पाकीट उलटं करून वाच. जे सर्वांत जास्त घातलेलं असतं त्याचं नाव पहिलं छापतात. मी वाचलं, मैदा निघाला.

चहा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला साधारण 40 ग्रॅम साखर चहातच. जागतिक आरोग्य संघटना 25 च्या आत राहिलेलं बरं म्हणते. एकदम तोडू नकोस, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी कर. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि "लग्न झालं की पाळी सुरळीत होते" असं आत्या म्हणाली तर फोन माझ्याकडे दे.

कुरिअरने दोन किलो ज्वारीचं पीठ पाठवतेय, कालच दळलेलं. तुम्हा तिघींत पंधरा दिवसांत संपवा, नाहीतर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. तसं झालंच तर पीठ उकळत्या पाण्यात मळ.

तुझी,
आई