शंकरपाळ्यांचा डबा

दांडिया बाजार, वडोदरा
१९ ऑगस्ट

प्रिय अनघा,

‘सा. न. वि. वि.’ लिहिलं तर तू पत्र न वाचताच ठेवून देशील, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दुभंगलेल्या ओठांच्या मुलांच्या शस्त्रक्रिया शिबिरातून परत येऊन पाच आठवडे झाले. तू तीनदा विचारलंस, ‘कसं झालं गं मादागास्कर?’ आणि मी तीनदा ‘मस्त’ म्हणाले. फोटो पाठवले. फोटोत सगळं मस्तच दिसतं. फोनवर खरं काय ते दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, म्हणून आज कागद काढलाय.

निमित्त असं की गल्लीतल्या मंडळाने यंदा गणपतीत माझा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ आणि वीस मिनिटांचं भाषण, तेही पडद्यावर फोटो दाखवत. माझ्या आधी बाबांनीच भाषण लिहायला घेतलं. ते सुश्रुतापासून सुरू होतं. मग येतो टिपूच्या लोकांनी नाक कापलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली. त्यानंतर एकदम ‘आणि आज याच परंपरेतली आमची सई’. म्हटलं, बाबा, मी फक्त साबणाचे फुगे उडवत होते. तर म्हणतात, तो विनय शेवटी ये.

अगं, पण खरंच तेवढंच होतं माझं काम. तुला माहीतच आहे, त्या भूलतज्ज्ञ मावशींच्या ओळखीने माझी वर्णी लागली. फाइन आर्ट्सची पोरगी, औषधाचं नाव धड वाचता येत नाही, पण कॅमेरा हातात धरता येतो आणि पोरांशी जमतं. पहिले दोन दिवस तपासणी होती, तेव्हा प्रत्येक मुलाचे चार फोटो काढायचे: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि मान वर करून खालून. मग आठवडाभर खेळाचा कोपरा.

गाव अँत्सिराबे. राजधानी अंतानानारिव्होपासून दक्षिणेला साधारण १७० किलोमीटर, उंची १५०० मीटर, आणि आपला जुलै म्हणजे त्यांचा ऐन हिवाळा. मी आफ्रिका म्हणून सुती कुर्ते भरून नेले होते. पहाटे तोंडातून वाफ निघायची, बाई! रस्त्यावर माणसं ओढतात त्या हातरिक्षा, त्यांना पूस-पूस म्हणतात. त्यात बसायची लाज वाटायची आणि नाही बसलं तर त्या माणसाचा धंदा बुडायचा. एकदाच बसले, तीही अवघडून. जेवायला तिन्ही त्रिकाळ भात. आणि गंमत ऐक, भात शिजला की पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीत पाणी घालून उकळतात आणि तेच जेवताना पितात. आजी असती तर म्हणाली असती, ‘बघ, खरवड टाकत नाहीत.’ चवीला किंचित जळकं, पण थंडीत फार बरं वाटतं.

आता मुलांचं सांगते. दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू. साधारण सातशे जन्मांत एक मूल असं येतं, आपल्याकडेही येतंच. पोटात ओठ जुळतो तो सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. आठवतं, नीता वहिनीला ग्रहणात आजीने नुसतं पाटावर बसवून ठेवलं होतं, विळीला हात लावू नकोस, पोराचा ओठ चिरेल म्हणून? आठव्या महिन्यात! तेव्हा ओठ जुळून सहा महिने होऊन गेले होते. वहिनीची नुसती पाठ धरली.

पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या अंगणात दोनशेच्या वर माणसं होती. बायकांच्या पाठीला लांबा नावाच्या चादरीत बांधलेली बाळं, पुरुषांच्या डोक्यावर गवती टोप्या. एक आई कोपऱ्यात बसून बाळाला चमच्याने थेंब थेंब दूध पाजत होती. टाळू फाटलेली असली की बाळाला ओढताच येत नाही, तोंडात पोकळी धरत नाही आणि दूध नाकातून परत येतं. दोन चमचे आत, एक बाहेर. अर्धी वाटी संपायला तिला पाऊण तास लागला, मी घड्याळ बघितलं. मला आपलं बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं आठवलं, आजीच्या कपाटातलं. त्याचं चित्र काढून नर्सला दाखवलं, तर ती म्हणाली, भारतात अशा बाळांना यानेच पाजतात हे तिला ठाऊक आहे. म्हणजे मी काही शोध लावला नव्हता.

भाषेचं काय केलंस म्हणशील. तिथे मालागासी, नाहीतर फ्रेंच. पण अनघा, मी तिथे गुजरातीवर जगले! भारतीय वंशाच्या लोकांना तिकडे ‘कराना’ म्हणतात. बहुतेक सगळे गुजरातचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले. असे एक बोहरी काका दुभाषे म्हणून रोज दुकान मुलाच्या भरवशावर टाकून यायचे. पणजोबा काठेवाडातून गलबताने आलेले. मी वडोदऱ्याची म्हटल्यावर, ‘सयाजीरावना गामनी दीकरी!’ म्हणून सगळ्यांना ओळख करून देत सुटले. त्यांची गुजराती अशी जुनी की आपल्या रावपुऱ्यात एखादा नव्वदीचा म्हाताराच तशी बोलेल. मी मराठीत विचार करायचा, गुजरातीत सांगायचं, त्यांनी ते मालागासीत न्यायचं.

आता मी जे सांगायला बसले ते.

शस्त्रक्रियांचा दुसरा दिवस. सकाळचे साडेआठ. माझ्या कोपऱ्यात चारएक वर्षांचा एक मुलगा आला. नाव लिहीत नाही, त्याच्या बापाला विचारलेलं नाही. वरचा ओठ डाव्या बाजूने थेट नाकपुडीपर्यंत उघडा. रडत नव्हता, नुसता हुंदके गिळत होता. फुगे उडवले, बाहुलीला मास्क लावून दाखवला, काही नाही. मग मी पिशवीतून आईने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा काढला. एक दिली. त्याने ती आधी हातात फिरवली, चारही टोकं बोटाने चाचपली, मग खाल्ली. दुसरी मागितली. तिसरी देत होते तेवढ्यात नर्स धावत आली.

त्याच्या पाठीवर चिकटपट्टी होती, फ्रेंचमध्ये ‘उपाशी’ लिहिलेली. वरून चादर गुंडाळलेली, मला दिसली नाही. पण मला दिसायला हवी होती, कारण हा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घेतला होता: घन अन्न सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी दोन तास. भूल दिली की शरीर सैल पडतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं आणि मूल टेबलावरच दगावू शकतं. त्याची वेळ दहाची होती.

अनघा, कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. केनियाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी फक्त विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, दोन. त्यांनी डबा मागितला, एक शंकरपाळी उचलून वास घेतला, ‘तळलेली,’ म्हणाल्या आणि यादीवरचं त्याचं नाव खोडून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं लिहिलं. म्हणजे त्याला आणखी एक रात्र उपाशी झोपायचं. माझ्यामुळे.

बापाला सांगायचं माझ्यावर आलं. मीच म्हटलं, मी सांगते. दोन दिवसांचा प्रवास करून आलेला माणूस, अर्धा पायी, अर्धा टॅक्सी-ब्रूस नावाच्या तिकडच्या वडाप गाडीच्या टपावर. बोहरी काकांना मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हे शब्द गाळू नका असं दोनदा बजावलं. त्यांनी बहुधा गाळले नाहीत, कारण तो माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग काहीतरी बोलला. काका हसले. मला वाटलं शिवी असेल. ‘ए पूछे छे,’ काका म्हणाले, ‘की पोरगं अजून मागतंय ते काय आहे, आणि गव्हाचं आहे का?’

मी त्या दोघांबरोबर संध्याकाळपर्यंत बसले. मुलगा दुपारी भात जेवला आणि माझ्या मांडीवर झोपला. झोपेत त्याच्या श्वासाला शीळ होती.

दुसऱ्या दिवशी त्याच भूलतज्ज्ञ बाईंनी मला आत बोलावलं. ‘तू जे लांबवलंस ते बघ तरी.’ टोपी, मास्क घालून भिंतीला टेकून उभी राहिले. रक्ताची भीती वाटेल असं वाटलं होतं, पण मी गुंतून गेले ते निराळ्याच गोष्टीत. सर्जनबाईंनी सुरी उचलण्याआधी निळ्या शाईत बारीक काडी बुडवून ओठावर ठिपके द्यायला सुरुवात केली. ओठाच्या वरच्या कडेला ते धनुष्य असतं ना, ज्याच्यापायी मी दुसऱ्या वर्षाला चारकोलचे ढीग संपवले, त्याच्या उतारावर, माथ्यावर, खोबणीत. कर्कटकासारख्या छोट्या हत्याराने चांगल्या बाजूचं माप घ्यायचं, फाटलेल्या बाजूला तेवढंच मोजायचं, ठिपका द्यायचा, परत मोजायचं. वीस मिनिटं नुसते ठिपके! ओठ आणि कातडी यांच्यामध्ये एक पांढुरकी रेघ असते. ती जोडताना एक मिलिमीटर जरी सरकली तरी ते जन्मभर समोरच्याच्या नजरेत येतं. पद्धत राल्फ मिलार्ड नावाच्या अमेरिकन सर्जनची, १९५० च्या दशकातली. एका बाजूचा तुकडा खाली फिरवायचा, दुसऱ्या बाजूचा पुढे सरकवायचा, म्हणजे व्रण नाकाखालच्या नैसर्गिक कंगोऱ्यात लपतो. राजवाड्यातल्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे आपण उभ्या राहायचो, तेव्हा सर म्हणायचे, तोंड चुकलं की माणूस चुकला. मला तिथे भिंतीला टेकून सरांचा आवाज ऐकू येत होता.

दीड तासाने तो बाहेर आला. रडत होता, भुकेने. बापाने बघितलं, टोपी काढली, परत घातली. तेवढंच.

फोटोत तुला जे दिसलं ते नेहमी असंच असतं असं समजू नकोस. सात-आठ महिन्यांच्या एका बाळाची आई शुद्धीवर आलेल्या बाळाकडे बघून पदरात तोंड खुपसून रडली. सगळे म्हणाले, आनंदाश्रू. काकांनी नंतर हळूच सांगितलं, ती म्हणत होती की हा हसायचा तेव्हा सगळं तोंड उघडायचं, आता वेगळाच हसेल. रोज बघितलेला चेहरा गेला होता तिचा. मंडळाच्या पडद्यावर हा फोटो आला की टाळ्या पडणार, मला ठाऊक आहे.

आणि परत पाठवलेली मुलं. त्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, ते समोरून-डावीकडून-उजवीकडून-खालून काढलेले, पण ‘नंतर’चे नाहीत. खोकला, ताप, वजन कमी, रक्त कमी. सहा वर्षांच्या एका मुलीचं हिमोग्लोबिन सातच्या घरात, निदान दहा तरी लागतं. जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या देऊन सांगितलं, पुढच्या वेळी ये. तिच्या आईने विचारलं, पुढची वेळ केव्हा. हा प्रश्न काकांनी गुजरातीत मला विचारला, मी इंग्रजीत पुढे विचारला आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं, ‘कळवू.’ मुलगी जाताना फुग्यांची बाटली घेऊन गेली. आमच्याकडे मोजून होत्या त्या बाटल्या. मी यादीत ‘सांडली’ असं लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी शंकरपाळीवाला मुलगा घरी गेला. टाके नवे, कडक काही खायचं नाही असं बापाला बजावलेलं, म्हणून त्याला परत एकही देता आली नाही. डबाच बापाला दिला. त्याने झाकण उघडून आत बघितलं, मला वाटतं मोजल्याच, आणि डबा चादरीत बांधून पाठीला लावला, जिथे पोराला बांधतात तसा. पोरगं त्याच्या हाताला धरून चालत होतं.

तर आता हे मी शाल-श्रीफळ घेऊन सांगू का? बाबांना विचारलं. ते कावसजीवरून मान वर करून म्हणाले, शंकरपाळ्यांचा भाग गाळ, लोकांना उगाच शंका येतात. आईला अजून सांगितलंच नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की तिच्या शंकरपाळ्या तिकडे फार आवडल्या, डबाही परत आला नाही. हे ती भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगून चुकलीये.

सत्कार गणपतीच्या पाचव्या दिवशी आहे. तू येणार असलीस तर मी सगळं बोलेन, नाहीतर बहुतेक सुश्रुतापासूनच सुरुवात करेन. आई आत्ता स्वयंपाकघरात दोन किलो मैदा भिजवतेय आणि ओरडून विचारतेय, अनघाला पुण्याला पाठवायच्या का. तुझा नवा पत्ता कळव, पिनकोडसकट.

तुझी,
सई